ती नाव, ते नाव

ठाण्याहून कल्याणच्या दिशेने सुटलेली धीमी लोकल पहिल्यांदा थांबते कळव्याला. मग मुंब्रा, मग दिवा, मग कोपर. रोज दारात लटकून जाणाऱ्याला ही नुसती नावं आहेत. पण नुकतंच मराठी शिकू लागलेल्या एखाद्या परप्रांतीयाला शब्दकोश हातात देऊन त्या डब्यात बसवलं, तर त्याला हीच स्थानकं अशी ऐकू येतील: निरोप द्या, पणती, हाताचा सांधा. (मुंब्रा त्याला कोशात सापडणार नाही.) आणि गाडी सुटली ती जागा म्हणजे पोलीस बसतात ते ठिकाण.

आपण असे गोंधळत नाही, कारण आपण शब्दाचं रूप बघतच नाही, तो वाक्यात वाकतो कसा ते बघतो. ‘कळव्याला उतरलात की कळवा’ या वाक्यात दोन ‘कळवा’ आहेत आणि कुठल्याही मराठी माणसाला ते वेगळे करायला क्षणभरही लागत नाही. गावाच्या नावाला ‘ला’ चिकटताच ते वाकलं, ‘कळव्या’ झालं. क्रियापदाला ‘ला’ चिकटतच नाही. या वाकण्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. शाळेत ते रटाळ वाटतं, पण मराठीतले कितीतरी जुळे शब्द त्याच्याच जोरावर आपापल्या घरी सुखाने नांदत असतात.

ठाण्यातच राहायचं तर तीन हात नाका घ्या. नाक वेगळं, नाका वेगळा, हे सांगायला नको. पण विभक्ती लागल्यावर हा फरक किती बारीक उरतो बघा: नाकावर पुटकुळी येते, नाक्यावर रिक्षा मिळते. एका ‘य’वर सगळं तोललेलं आहे. म्हणून ‘नाकाबंदी’ हा रूढ शब्द वाचताना जरा श्वास कोंडल्यासारखं होतं. ‘नाका’चं वळण पाहता तिथे ‘नाकेबंदी’च शोभते आणि तसं लिहिणारेही पुष्कळ आहेत.

गावाच्या नावावरून अर्थ काढायचा मोह मात्र आवरावा. हाताचं कोपर संस्कृत ‘कूर्पर’पासून आलं हे खरं, पण म्हणून डोंबिवलीच्या अलीकडचं स्थानक कोपरासारखं वळलेलं असलं पाहिजे असं होत नाही. नौपाड्यातला ‘नौ’ होडीलाही जुळतो, नऊलाही आणि ‘नवा’लाही. तीन किल्ल्या एकाच कुलपाला लागायला लागल्या की कुलपातच काहीतरी गडबड आहे असं समजावं. दिव्याचंही तेच. घरातला दिवा ‘दीप’ या शब्दातून आला, मधल्या ‘प’चा ‘व’ होऊन. पण ‘दिवाकर’ या नावातल्या दिव्याला वात नाही. तिथे संस्कृत ‘दिवा’ म्हणजे दिवसा, आणि दिवाकर म्हणजे दिवस करणारा सूर्य. शिवाय इथे सामान्यरूपही मदतीला येत नाही: दिव्याला वात लावतात आणि दिव्यालाच उतरतात.

ठाणे या नावाचं मात्र पक्कं सांगता येतं. शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत हे शहर ‘श्रीस्थानक’ आहे. संस्कृत ‘स्थान’चं प्राकृतात ‘ठाण’ झालं आणि त्यातूनच आपलं ठाणे आलं. ठाण मांडून बसणे, शेळ्या ठाणबंद पाळणे, पोलीस ठाणे ही सगळी त्याच घरची मंडळी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली, आणि पुढे ‘स्टेशन’साठी मराठीने संस्कृतातून ‘स्थानक’ उचलला. म्हणजे ‘ठाणे स्थानक’ या पाटीवर एकच शब्द दोनदा लिहिलेला आहे, एकदा झिजलेला आणि एकदा कोरा. कुणी हट्टाने ‘ठाणे स्टेशन’ म्हटलं तरी सुटका नाही. ‘स्टेशन’ ज्या लॅटिन क्रियापदातून आला ते आपल्या ‘स्था’ धातूचंच सख्खं भावंड. ठाणेनगर पोलीस ठाणे या नावात तर झिजलेला शब्दच दोनदा आला आहे, आणि तरी दोन्हींचा अर्थ वेगळा.

झिजण्याला नियम असतात. ते कळले की जुळ्या शब्दांची निम्मी गुंतागुंत सुटते, म्हणून त्यातला एक नीट बघू. संस्कृतातला शब्द प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांमधला सुटा ‘न’ बहुधा ‘ण’ होतो आणि सुटा ‘ल’ बहुधा ‘ळ’ होतो. जन–जण, फल–फळ. पण तिथे जोडाक्षर असेल तर चाल बदलते. प्राकृतात जोडाक्षराचं दुहेरी अक्षर होतं, मराठीत ते पुन्हा एकेरी होतं, आणि गेलेल्या अक्षराच्या बदल्यात मागचा स्वर लांब होतो. या वाटेने आलेल्या शब्दांत मात्र शेवटी ‘न’ आणि ‘ल’च उरतात, ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत.

आता पाणी आणि पान शेजारी ठेवा. ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगं. त्यातला सुटा ‘न’ बदलला आणि पाणी झालं. ‘पर्ण’चं झालं ‘पण्ण’ आणि मग पान, जसं ‘कर्ण’चं कान. इथवर दोघे वेगळे राहिले. पण मागाहून पंडितांनी संस्कृतातला ‘पान’, म्हणजे पिणे, जसाच्या तसा आणून ठेवला, आणि झाडाच्या पानाला नवा सोबती मिळाला. सरकारी निमंत्रणातल्या ‘चहापान’मध्ये चहाची पानं नाहीत, चहा पिणं आहे. पानसुपारीतलं पान मात्र झाडाचं.

काळ आणि काल यांचं त्याहून मजेशीर. ‘काल’चा सुटा ‘ल’ बदलून काळ झाला, हे नियमाला धरून. मग ‘काल मी आलो होतो’ यातला काल कुठला? तो ‘कल्य’चा. कल्य म्हणजे पहाट. त्याचं ‘कल्ल’ झालं आणि मग काल, जोडाक्षराच्या पुण्याईने ‘ल’ शाबूत ठेवून. पुढे ‘कालगणना’, ‘कालावधी’ असे संस्कृत शब्द कोरेच्या कोरे आले आणि पुन्हा दोन ‘काल’ समोरासमोर उभे राहिले. एखादी गोष्ट ‘कालबाह्य’ झाली म्हणजे ती कालची झाली नव्हे, काळाच्या बाहेर गेली.

‘काम’चा घोळ याच पद्धतीने झाला. कर्म, कम्म, काम. तुर्भ्याच्या कारखान्यात जातात ते हे काम. कामदेवाचा काम वेगळा, तो इच्छेचा, आणि संस्कृतातून न झिजता आलेला. दोघांची एका शब्दात गाठ पडली की गंमत होते. ‘निष्काम कर्म’मध्ये काम म्हणजे इच्छा आणि कर्म म्हणजे काम. ज्याला काम नाही तो निष्काम होत नाही, तो बेकार होतो, आणि त्या ‘बेकार’मधला ‘कार’ हा कामाचा फारसी शब्द.

ष्ट आणि ष्ठ यांनीही पुष्कळ जुळी जन्माला घातली. ‘पिष्ट’चं पीठ झालं, गिरणीतलं. विद्यापीठातलं पीठ मात्र मुळातच पीठ, म्हणजे आसन. ‘पृष्ठ’ची पाठ झाली आणि धड्याचा पाठ संस्कृत ‘पठ्’ धातूचा. ती पाठ, तो पाठ. ‘पाठीवर’ थाप पडते, ‘पाठावर’ प्रश्न विचारतात. पठ् धातूचाच जो शब्द झिजत आला त्यातला ‘ठ’ मऊ होऊन ‘ढ’ झाला आणि पाढा तयार झाला. पाढा आणि पाडा यांत गल्लत नको. सानपाड्यातला, मानपाड्यातला पाडा ‘पाटक’चा, म्हणजे वस्तीच्या एका भागाचा. आणि ‘भिंत पाडा’ मधला पाडा ‘पत्’ म्हणजे पडणे या धातूच्या प्रयोजक रूपाचा, म्हणजे पडायला लावण्याचा. एकीकडे ‘ट’ आणि दुसरीकडे ‘त’, दोघेही घसरत ‘ड’वर येऊन थांबले. वस्त्यांच्या भागात अतिक्रमणाची नोटीस लागते तेव्हा हे दोन पाडे एकाच कागदावर येतात. तो विनोद कोणालाच हसवत नाही.

आता शीर्षकातली नाव. नाम या अर्थाचं ‘नाव’ आणि पाण्यातली ‘नाव’ आज अगदी सारखे दिसतात, पण तुमच्या पणजोबांनी ते सारखे लिहिले नसते. ते नामाला ‘नांव’ लिहीत, डोक्यावर अनुस्वार देऊन. तो अनुस्वार हौसेचा नव्हता. ‘नामन्’मधला ‘म’ विरघळताना नाकात जो हुंकार ठेवून गेला त्याची ती खूण होती. होडीची नाव ‘नौ’पासून आली. तिच्यात ‘म’ कधीच नव्हता, म्हणून तिच्या डोक्यावर काही नसे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम आले (१९७२ मध्ये आणखी ४ मिळून ते १८ झाले) आणि उच्चारात न येणारे असे अनुस्वार गेले. ते गेले ते बरंच झालं. पाच, गाव, दात, काही यांच्यावर ठिपके देत बसण्यात अर्थ नव्हता, आणि कोणत्या शब्दावर द्यायचा हे पाठ करताना पिढ्या घामाघूम झाल्या होत्या. पण बहुतेक ठिपके म्हणजे शब्दाच्या मुळाचे पत्ते होते, हेही तितकंच खरं. ‘कांठ’ लिहीत तेव्हा काठ हा ‘कंठ’चा आहे हे दिसायचं. आज खाडीचा काठ आणि हातातली काठी एकाच लाकडाची वाटतात. खरं तर काठी ‘काष्ठ’ची आणि काठ गळ्याचा.

‘वाटणे’चं नुकसान सगळ्यांत जास्त झालं. पेढे वाटायचे ते पूर्वी ‘वांटणें’, वांटा आणि वांटणी त्याच घरातले. चटणी वाटायची ती आणि बरं वाटायचं ते ‘वाटणें’. आता तिन्ही सारखे. तरी कुणी अडत नाही, कारण वाक्याची बांधणी वेगळी आहे. जे वाटतं ते ‘मला’ वाटतं आणि जे वाटतो ते ‘मी’ वाटतो. मला बरं वाटलं, मी पेढे वाटले, मी चटणी वाटली. पेढे आणि चटणी यांच्यात फरक करायला व्याकरणाची गरज पडत नाही, समोर पाटा आहे की खोका ते बघितलं की झालं.

नावेकडे परत येऊ. अनुस्वार गेला तरी ‘ते नाव’ आणि ‘ती नाव’ हा फरक राहिला, आणि तोच पुरतो: नावाला, नावेला. आता बेलापूरच्या जेट्टीवर जाऊन दुसरा शब्द बघा. बोट. हाताचं ते बोट, पाण्यातली ती बोट. बोटाला जखम होते, बोटीला भोक पडतं. इंग्रजीतून बोट हा शब्द आला तेव्हा हाताचं बोट आधीच नपुंसकलिंगी जागा अडवून बसलं होतं. होडी, नाव, नौका या तिघी स्त्रीलिंगी, म्हणून पाहुणीलाही त्यांच्या पंगतीत बसवलं गेलं. तिच्या मूळ भाषेत लिंगाची ही भानगड नव्हती, इथे आल्यावर तिला ते लिंग चिकटलं. पाण्यावर तरंगणाऱ्या दोन शब्दांना कोरड्यावरचे दोन जुळे भेटावेत आणि दोन्ही वेळा मराठीने ‘ती’ आणि ‘ते’ एवढ्याच दोरीने त्यांना बांधून ठेवावं, हे मला या भाषेतलं फार देखणं काम वाटतं.

माळ हीही अशीच. ती माळ गळ्यातली, तो माळ गवताचा. माळेत मणी, माळावर गुरं. आणि ‘कितव्या माळ्यावर?’ हा इमारतीतला प्रश्न तिसऱ्याच माळ्याचा.

लिपीत एक भोक आहे आणि ते कुठल्याही नियमाने बुजलेलं नाही. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत, एक टाळूवरचा आणि एक दातांचा, आणि देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर. ‘माणसाची जात’ आणि ‘तो घरी जात आहे’ मोठ्याने म्हणून बघा. ‘चार माणसं’ आणि ‘गुरं चार’ म्हणून बघा. जीभ वेगळ्या जागी टेकते, कागदावर काहीच कळत नाही. ‘जरा’ हे उत्तम उदाहरण. म्हातारपण या अर्थाची जरा संस्कृत, टाळूवरची. ‘जरा थांबा’ मधला जरा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला, मूळ अर्थ कण, आणि तो दातांचा. अरबी-फारसीतला ‘ज़’ मराठीत आला की बहुधा दातांवरच बसतो, त्यामुळे कानाला मुळाची थोडी चाहूल लागते. गजाननातला गज टाळूवरचा, कापड मोजायचा गज दातांचा आणि फारसी. मोजायची ती काठी किंवा सळईही गजच, आणि खिडकीचे गज त्याच सळीचे.  

फारसी शब्दांनी मराठीत जी गर्दी केली तिचं सगळ्यांत छान दर्शन सोसायटीच्या फाटकावर घडतं. दारात चौकीदार असतो. त्याच्या नावातलं ‘दार’ त्या दाराचं नव्हे. आपलं दार ‘द्वार’चं, आणि चौकीदार, ठाणेदार, जमीनदार यांतलं ‘दार’ फारसी, म्हणजे धरणारा, बाळगणारा. आपल्या ‘धर’चं ते नात्यातलं. याच माणसाला पूर्वी दरवान म्हणत, आणि त्यातला ‘दर’ मात्र खरोखर दरवाजा. म्हणजे चौकीदाराच्या दारात दार नाही आणि दरवानाच्या दरात आहे. फाटकाशेजारी देवदार लावलेला असला तर तिसरं दार हजर होतं: देवदारु, देवांचं लाकूड, ‘दारु’ म्हणजे संस्कृतात लाकूड.

पिण्याची दारू फारसी, आणि तिथे तिचा अर्थ औषध. मराठीत ती बंदुकीत भरली गेली, दिवाळीत शोभेची झाली आणि बाटलीतही गेली, पण ‘दवादारू’ या जोडीत तिने मूळ अर्थ सोडलेला नाही. आजारी माणसाच्या दवादारूचा खर्च ऐकून भुवया उंचावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्या शब्दातला दवाही औषध आणि दारूही औषधच.

‘सर’चा तर मेळाच भरतो. पावसाची सर, ती. मोत्यांचा सर, तो. दोघांचं कुळ एक, ओळीने ओवलेलं. ‘त्याची सर याला नाही’ मधली सर ‘सदृश’ झिजून आलेली. सरदार, सरपंच यांतला सर फारसी, म्हणजे डोकं. आपल्या ‘शिर’चा तो चुलतभाऊ. किल्ला सर करतात तोही फारसीच. आणि वर्गात येतात ते सर इंग्रजी, त्यांचं मूळ लॅटिनमधल्या ‘वडीलधारा’ या अर्थाच्या शब्दात. तसे तेही योग्य जागीच आलेले आहेत.

घोडबंदर रस्त्याला नव्याने राहायला आलेल्या हिंदी भाषकांना तो रस्ता घोड्यामाकडांचा वाटतो यात त्यांची चूक नाही. हिंदीतलं बंदर ‘वानर’चं आणि आपलं फारसी, जहाजं लागतात ते. बोरीबंदरातलंही तेच. हिंदी-मराठीतले हे फसवे सोबती एरवी निरुपद्रवी असतात, पण कागदपत्रांत चावतात. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, हिंदीत तो आपसात समेट झाल्याचा दस्त. मूळ फारसी अर्थ राजीखुशीचा कागद. मग मराठीत तो सोडचिठ्ठीच्या अर्थाने का रुळला? मुंबई इलाख्यात शेतकरी जमिनीवरचा कब्जा सोडताना ‘राजीनामा’ लिहून देई आणि नवा खातेदार ‘कबुलायत’ देई. राजीने सोडण्याचा कागद, म्हणून आधी जमीन सोडण्याचा आणि पुढे पद सोडण्याचा. मंत्री राजीखुशीने राजीनामा देतात हा भाग शब्दापुरताच खरा.

खाडीकडे वळलं की जीभ खारट होते. मीठ हा शब्द ‘मृष्ट’पासून आला, म्हणजे चवदार. हिंदीने त्यातून ‘मीठा’ म्हणजे गोड केलं, मराठीने मीठ केलं, आणि गुजरातीने दोन्ही हात मारले: ‘मीठुं’ म्हणजे मीठही आणि गोडही. चव कशाने येते यावर शेजाऱ्यांचं एकमत झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मीठ पिकतं ते मिठागरात, आणि तिथला ‘आगर’ संस्कृत ‘आकर’चा, म्हणजे खाण, साठा. आगरात राबणारे ते आगरी. एसटी जिथे मुक्कामाला जाते ते आगार वेगळं, ते संस्कृतातलं घर. एका कान्याचा फरक आहे आणि मिठागराचं ‘मीठ आगार’ करणारे फलक लिहिणारे तो रोज ओलांडतात.

‘क्षार’चा खार झाला. खारभूमी, खारं पाणी, लोणच्याचा खार त्यातलेच. ‘खार खाऊन असणे’ यातला खार मात्र मीठ नव्हे. तो फारसी, आणि त्याचा अर्थ काटा. झाडावर पळणारी खार या दोघांपासून चार हात लांब. ‘क्ष’ नेहमी ‘ख’च होतो असंही नाही. ‘क्षेत्र’चं शेत झालं, ‘क्षण’चा सण झाला. क्षणाला संस्कृतात उत्सव असाही अर्थ आहे, त्यामुळे सण आणि क्षण दिसायला वेगळे असूनही एकच शब्द आहेत. भक्त आणि भात यांचंही तसंच: ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेलं, म्हणून अन्न, म्हणून भात.

ठाण्याहून महापे-पनवेलकडे जाताना लागतो शिळफाटा. दगडाची शिळा ‘शिला’ची. पण कालची शिळी भाकरी ‘शीतल’ झिजून आलेली, म्हणजे शिळं अन्न मुळात फक्त थंड अन्न. श्रावणातल्या शीतला सप्तमीला आदल्या दिवशी रांधलेलं खातात आणि तिला शिळासप्तमीही म्हणतात. भाषेने दोन्ही नावं जपून ठेवली. फाट्याचं नाव मात्र या दोन्हींच्या भांडणात ओढू नये, वर म्हटलंच आहे.

एखाद्या जोडीचा छडा लावायचा तर हात कसा घालावा? आधी लिंग बघा, मग ‘ला’ लावून वाकवा, मग मोठ्याने म्हणून ‘च’-‘ज’ तपासा. त्यानंतर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उघडा. त्यात जुने अनुस्वार शाबूत आहेत, लिंग दिलेलं आहे आणि शब्द संस्कृत, फारसी की अरबी याची खूणही बहुतेक ठिकाणी आहे. शेवटी शेजारच्या भाषेत तोच शब्द कसा आहे ते बघा. मिठाचं गुपित गुजरातीनेच फोडलं. या क्रमात उलटं जाऊन आधी अर्थावरून गोष्ट रचली की हमखास फसगत होते, आणि गोष्ट जितकी गोड तितकी फसगत पक्की.

तरी कधी सगळे उपाय तोकडे पडतात. ‘कळीचा’ हा शब्द घ्या. कळीचा नारद, कळीचा मुद्दा, कळीचे लाडू, कळीचा चुना. चारही ठिकाणी रूप तेच, त्यामुळे वाकवून काही कळत नाही. नारदाची कळी फुलाची नव्हे. ती संस्कृत ‘कलि’, म्हणजे भांडण, आणि कळलाव्या माणूस तीच लावत फिरतो. मुद्द्याची कळ यंत्राची, दाबली की सगळं हलतं ती. लाडू बुंदीच्या कळ्यांचे. चुना न विझवलेला, पाणी घातलं की उकळून फुटणारा. इथे शेजारचा शब्दच काय तो सांगतो, बाकी कोणी नाही.

आणि कधी याच्या बरोबर उलट होतं: तीन अर्थ इतके लांबचे की ते एका घरचे असतील असं वाटूच नये, आणि असतात. ठाण्याच्या मासुंदा तलावाला सगळे तलावपाळी म्हणतात. संस्कृत ‘पालि’ म्हणजे कड, बांध, कानाचं टोक आणि ओळ, रांग. सुट्या ‘ल’चा ‘ळ’ होऊन तिची पाळ आणि पाळी झाली. तलावाची पाळी म्हणजे बांध. कानाची पाळी म्हणजे कड. रांगेतून आलेली पाळी म्हणजे क्रम, आणि मग कारखान्यातली दुसरी पाळी, बायकांची पाळी, ‘आता तुझी पाळी’ हे सगळं त्यातूनच. संध्याकाळी तलावपाळीच्या कठड्यावर बसून कुणी कानाच्या पाळीतला डूल नीट करत ‘उद्या माझी रात्रपाळी आहे’ म्हणते, तेव्हा ती एकच शब्द तीनदा वापरत असते. तिच्या डोक्यावरच्या दिव्यापाशी किडे टिपत बसलेली पाल मात्र यांच्यातली नव्हे. ती ‘पल्ली’, जोडाक्षराची. म्हणून तर तिचा ‘ल’ अजून तसाच आहे.